दूरच्या बेटांवरील दगडफुले : नव्या जातींचा शोध आणि त्यांची नोंद

मराठी घरातील मसाल्याच्या डब्यात दगडफूल नावाचा एक जिन्नस असतो. रंगाने काळपट-करडे, वजनाला अगदी हलके, सुकलेल्या कागदाच्या चुरगळ्यासारखे दिसणारे हे दगडफूल तेलावर परतून गोड्या मसाल्यात घालतात. गोव्यात शागोतीच्या मसाल्यातही ते वापरले जाते. कानडीत त्याला ‘कल्लू हूवू’ आणि हिंदीत ‘पत्थरफूल’ म्हणतात. तिन्ही नावांचा अर्थ एकच आहे. वस्तुतः ते फूल नव्हे आणि दगडाचा अंशही नव्हे. ज्या सजीवांना शास्त्रीय परिभाषेत ‘शैवाक’ असे म्हणतात, त्यांपैकी तो एक आहे. याच शैवाकांच्या नव्या जाती गेल्या काही वर्षांत पॅसिफिक महासागरातील दूरच्या बेटांवर आढळून आल्या आहेत. त्यांचा शोध कसा लागला, त्यांना नावे कशी देण्यात आली आणि अशा नावाची एवढी आवश्यकता का आहे, याची माहिती सर्वसामान्य वाचकांस उद्‌बोधक वाटेल.

शैवाक म्हणजे काय

शैवाक हा एकटा जीव नव्हे. तो दोन निराळ्या सजीवांचा एकत्र संसार आहे. त्यांतील एक कवक म्हणजे बुरशीच्या वर्गातील असते आणि दुसरे शैवल म्हणजे हिरव्या शेवाळाच्या वर्गातील अतिसूक्ष्म सजीव असते. काही शैवाकांत शैवलाची जागा नील-हरित जिवाणू घेतात. कवकाच्या बारीक तंतूंचे आवरण बाहेरून असते. ते ऊन, वारा व कोरडेपणा यांपासून संरक्षण करते आणि हवेतील ओलावा धरून ठेवते. आतील शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते व त्याचा मोठा भाग कवकाला मिळतो. म्हणजे एकाने घर बांधावे आणि दुसऱ्याने चूल सांभाळावी, अशा प्रकारची ही व्यवस्था आहे. १८६७ साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी हे प्रथम मांडले, तेव्हा त्या काळच्या अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. पुढे सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणांनी व प्रयोगांनी त्यांचे म्हणणे खरे ठरले.

शैवाकांना मुळे नसतात. पाणी व क्षार ते आपल्या सर्वांगाने हवेतून, पावसातून आणि धुक्यातून घेतात. कोरड्या दिवसांत ते वाळून जणू निद्रिस्त होतात व ओलावा मिळताच पुन्हा हिरवट होऊन कामाला लागतात. यामुळे उघडा कातळ, झाडाची साल, कौले, देवळाची जुनी दगडी भिंत, अशा ठिकाणी, जेथे अन्य वनस्पती टिकत नाही तेथे, शैवाक वाढतो. काही शैवाक रंगाचा पापुद्रा दिल्याप्रमाणे दगडाला घट्ट चिकटलेले असतात, काही पानांसारखे पसरतात, तर काही लहान झुडपासारखे किंवा दाढीच्या केसांसारखे लोंबतात. त्यांची वाढ अतिशय मंद असते. दगडाला चिकटणारे अनेक शैवाक वर्षाकाठी एखादा मिलिमीटरही वाढत नाहीत. जगात आजवर शैवाकांच्या सुमारे २० हजार जातींचे वर्णन झालेले आहे.

गालापागोस बेटे

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर अंतरावर, पॅसिफिक महासागरात, इक्वेडोर या देशाच्या मालकीची गालापागोस बेटे आहेत. ही सर्व बेटे ज्वालामुखीपासून बनलेली आहेत. ती मुख्य भूमीला कधीही जोडलेली नव्हती. १८३५ साली ‘बीगल’ जहाजावरून चार्ल्स डार्विन तेथे गेले होते व तेथील पक्षी, कासवे व वनस्पती यांच्या निरीक्षणांचा त्यांच्या पुढील विचारांवर मोठा परिणाम झाला, ही गोष्ट शाळेतील विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. १९५९ साली या बेटांवर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याच वर्षी चार्ल्स डार्विन प्रतिष्ठानाची स्थापना झाली आणि १९६४ मध्ये सांता क्रूझ या बेटावर प्रतिष्ठानाचे संशोधन केंद्र सुरू झाले.

या बेटांचा किनाऱ्यालगतचा भाग रुक्ष आहे. तेथे निवडुंग व काटेरी झुडपे वाढतात. परंतु वर्षातील थंड महिन्यांत, साधारणपणे जून ते डिसेंबर या काळात, समुद्रावरून दाट धुके येऊन डोंगरमाथ्यांवर रेंगाळते. स्थानिक लोक त्यास ‘गारुआ’ म्हणतात. उंचावरील वने या धुक्यावरच जगतात. सूर्यफुलाच्या कुलातील स्कॅलेशिया नावाची वनस्पती येथे झाडाएवढी वाढते व तिच्या फांद्यांवर हरिता, नेचे आणि शैवाक यांची गर्दी असते.

येथील शैवाकांकडे पूर्वी व्यापाराच्या दृष्टीने पाहिले गेले. ‘ऑर्किल’ या नावाने ओळखला जाणारा जांभळा रंग रोसेला नावाच्या शैवाकापासून मिळत असे व एकोणिसाव्या शतकात हा शैवाक गालापागोसच्या किनाऱ्यांवरून गोळा केला जात असे. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल व अल्कली ओळखण्यासाठी वापरला जाणारा लिटमसचा रंगही मूलतः याच प्रकारच्या शैवाकांपासून काढलेला आहे. शास्त्रीय दृष्टीने मात्र त्यांची पद्धतशीर पाहणी बऱ्याच उशिरा झाली. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाचे विल्यम वेबर १९६४ मधील शास्त्रीय मोहिमेत सहभागी झाले आणि त्यांनी १९६६ साली येथील शैवाकांची यादी प्रसिद्ध केली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रँक बुंगार्ट्झ यांनी डार्विन केंद्रात राहून बेटाबेटावर हिंडून नव्याने संग्रह करण्यास आरंभ केला. २००७ साली त्यांनी व डच शास्त्रज्ञ आंद्रे आप्ट्रूट यांनी रामालिना या झुडपासारख्या शैवाकांविषयी लेख प्रसिद्ध करून काही नव्या जातींचे वर्णन केले. त्यानंतर अशा नव्या जातींची भर पडतच गेली.

एका नावाखाली अनेक जाती

नवी जात म्हटली की कोणी कधीही न पाहिलेली वस्तू एखाद्या दरीत अकस्मात सापडली, असे चित्र डोळ्यांपुढे येते. क्वचित तसे घडतेही. परंतु गालापागोसच्या बाबतीत पुष्कळदा निराळेच घडले. शैवाक डोळ्यांसमोर होते, त्यांचे नमुने संग्रहात ठेवलेले होते आणि त्यांना नावेही दिलेली होती. ती नावे चुकीची होती.

याचे ठळक उदाहरण कोरा या शैवाकाचे आहे. कोराचे शरीर करड्या-हिरवट कागदी पंख्यासारखे दिसते. बहुसंख्य शैवाकांतील कवक ज्या गटातील असते, त्या गटातील कोराचे कवक नाही. ते पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंब्यांच्या गटातील आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ भागात सर्वत्र आढळणारी ही एकच जात आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. वाळलेले नमुने एकमेकांसारखेच दिसत असल्याने शंका घेण्यास फारसे कारणही नव्हते. २०१४ साली रॉबर्ट ल्युकिंग, मानुएला दाल फोर्नो, जेम्स लॉरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतून गोळा केलेल्या नमुन्यांतील आनुवंशिक द्रव्याची, म्हणजे डीएनएची, तुलना प्रसिद्ध केली. तेव्हा त्या एका नावाखाली निदान १२६ निराळ्या जाती असल्याचे दिसून आले आणि प्रत्यक्षात ही संख्या ४५० च्या घरात असावी, असा अंदाज त्यांनी वर्तवला. २०१७ साली त्यांपैकी ७० जातींची वर्णने एकाच वेळी प्रसिद्ध झाली.

गालापागोसवरील कोराही याला अपवाद नव्हता. मुख्य भूमीवरील जातीचे नाव ज्यांना दिले गेले होते, ते नमुने वास्तविक निराळ्या जातींचे निघाले. त्यांस कोरा गालापागोएन्सिस व कोरा सांताक्रूझेन्सिस अशी नावे मिळाली. अकँथोलायकेन या दुसऱ्या शैवाकाची हकिगतही अशीच आहे. हरितांवर वाढणारा, निळसर-करड्या बारीक खवल्यांचा हा शैवाक १९९८ साली प्रथम वर्णिला गेला आणि त्याची एकच जात ज्ञात होती. २०१६ च्या अभ्यासात एकाच्या सहा जाती झाल्या व त्यांपैकी एकीस अकँथोलायकेन गालापागोएन्सिस हे नाव देण्यात आले.

या संशोधनाने एक जुनी समजूत बदलली. शैवाकांचे बीजाणू धुळीसारखे हलके असतात व वाऱ्याबरोबर दूरवर जातात. म्हणून त्यांच्या जाती जगभर पसरलेल्या असाव्यात आणि एखाद्या बेटापुरती मर्यादित जात क्वचितच असावी, असे मानले जाई. परंतु कवकाचा बीजाणू नव्या ठिकाणी पोहोचला तरी तेथे त्याला योग्य शैवलाची सोबत, योग्य ओलावा आणि योग्य आधार मिळावा लागतो. समुद्र ओलांडून जे थोडे शैवाक रुजले, ते मूळ कुळापासून अलग पडले व काळाच्या ओघात निराळे झाले. डार्विनच्या पक्ष्यांविषयी जे सांगितले जाते, ते दगडावरच्या आणि फांदीवरच्या या मूक सजीवांनाही लागू पडते.

नवी जात ठरते कशी

एखादा शैवाक नवा आहे असे म्हणण्यापूर्वी फार मोठी छाननी करावी लागते. प्रथम नमुना गोळा केला जातो. दगडाला चिकटलेला शैवाक छिन्नी व हातोडीने दगडाच्या कपच्यासह काढतात. तो कागदी पाकिटात ठेवून त्यावर बेटाचे नाव, समुद्रसपाटीपासून उंची, तो कशावर वाढला होता, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. ही चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

त्यानंतर भिंगाखाली त्याची ठेवण पाहतात. धारदार पात्याने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा आकार, त्यांतील पडदे व त्यांची लांबी मोजतात. मग रासायनिक कसोटी येते. शैवाकांत अनेक विशिष्ट आम्ले असतात. नमुन्यावर कॉस्टिक पोटॅशचा किंवा विरंजक द्रवाचा थेंब टाकला असता तो भाग पिवळा, लाल वा नारिंगी होतो किंवा अजिबात बदलत नाही. दिसण्यात सारख्या असलेल्या दोन जाती या एका थेंबाने वेगळ्या ओळखू येतात. अलीकडच्या काळात डीएनएची तुलनाही केली जाते. २०१२ साली कवकांच्या ओळखीसाठी त्यातील एक ठरावीक भाग सर्वत्र प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आला.

इतके झाल्यावर जगातील जुन्या संग्रहांतील नमुन्यांशी मेळ घालून पाहावा लागतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणी हीच जात दुसऱ्या नावाने वर्णिली असेल, तर ते जुने नावच ग्राह्य धरले जाते. तसे नसल्यास नवे नाव लॅटिन धर्तीवर तयार करतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शैवाकाचे नाव हे त्यातील कवकाचे नाव समजले जाते. पूर्वी वर्णन लॅटिनमध्येच द्यावे लागे. १ जानेवारी २०१२ पासून ते लॅटिन किंवा इंग्रजीत देता येते. १ जानेवारी २०१३ पासून कवकांच्या प्रत्येक नव्या नावाची मान्यताप्राप्त नोंदणीकेंद्रात नोंद करून क्रमांक घेणेही बंधनकारक झाले. ज्या एका नमुन्यावरून नाव दिले, तो नमुना एखाद्या संग्रहालयात कायम जतन करावा लागतो. पुढे कधी वाद उत्पन्न झाला तर निर्णय त्या नमुन्यावरून होतो.

नोंदीचे महत्त्व

दगडावरील एका डागाचे नाव बदलले म्हणून कोणाचे काय बिघडले, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर गावच्या कारभाराच्या दृष्टांताने देता येईल. मतदारयादीत दोन व्यक्तींची चुकून एकच नोंद झाली, तर त्यांतील एक व्यक्ती गाव सोडून गेली तरी यादीवरून ते कळत नाही. शैवाकांचेही तसेच आहे. गालापागोसवरील कोरा हा अमेरिका खंडात सर्वत्र आढळणारा आहे अशी नोंद होती, तोपर्यंत तो बेटांवरून नाहीसा झाला असता तरी जगात त्याचा तुटवडा नाही असेच मानले गेले असते. तो केवळ याच बेटांवर आढळतो, हे कळल्यानंतर तेथील त्याचा नाश म्हणजे पृथ्वीवरून त्याचा कायमचा नाश, हे स्पष्ट झाले.

हा धोका काल्पनिक नाही. ज्या दमट उंच भागात हे शैवाक राहतात, तोच भाग माणसाने आणलेल्या वनस्पतींनी व जनावरांनी सर्वाधिक बदलला आहे. सांता क्रूझ बेटावर विसाव्या शतकात लावलेला सिंकोना डोंगरमाथ्यावर पसरला. पेरूची झाडे रानभर झाली. इंग्रजीत ‘म्हैसूर रासबेरी’ या नावानेही ओळखली जाणारी, मूळची आशियातील काटेरी वेलवर्गीय वनस्पती स्कॅलेशियाच्या वनात दाट जाळी करून नव्या रोपांना वाढू देईनाशी झाली. शेतीसाठीही पुष्कळ वन तोडले गेले असून सांता क्रूझवर मूळ स्कॅलेशिया वनाचा फारच थोडा भाग शिल्लक आहे. इसाबेला बेटावरील आल्सेडो ज्वालामुखीच्या माथ्यावर मोकाट बकऱ्यांनी झाडोरा खाऊन टाकला. फांद्यांवर धुके अडून पाणी ठिबकत असे, ते थांबले आणि त्या पाण्यावर अवलंबून असलेल्या डबक्यांवर व कासवांवर त्याचा परिणाम झाला. १९९७ ते २००६ या काळात मोठी मोहीम राबवून इसाबेलाच्या उत्तर भागातून व सांतियागो बेटावरून बकऱ्या काढून टाकण्यात आल्या, तेव्हा झाडोरा पुन्हा वाढू लागला. ज्या फांदीवर धुके अडते, त्याच फांदीवर शैवाक राहतो. फांदी गेली की दोन्ही जातात.

धोक्यातील प्राण्यांची व वृक्षांची यादी करण्याची पद्धत जुनी आहे. शैवाकांना मात्र आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २००३ साली प्रथम स्थान मिळाले व तेव्हा त्यांत दोनच जाती होत्या. कोणत्याही यादीत नाव येण्यासाठी आधी नाव असावे लागते. म्हणूनच नवी जात वर्णिण्याचे काम हे त्या जातीच्या संरक्षणाचे पहिले पाऊल आहे.

भारतातील कार्य

आपल्या देशातही बेटांवरील शैवाकांचा अभ्यास झालेला आहे आणि त्यात मराठी मुलुखातील एका संस्थेचा वाटा मोठा आहे. १९४६ साली पुणे येथे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधन संस्थेस १९९२ साली संस्थापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव देण्यात आले. या संस्थेतील डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला माखिजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील शैवाकांबरोबरच अंदमान बेटांवरील, झाडांच्या सालीवर पापुद्र्यासारखे वाढणाऱ्या शैवाकांचा अभ्यास केला व त्यांतील नव्या जातींचे वर्णन केले. अंदमानचे नाव धारण करणारी जातही त्यांत आहे. त्यांनी जमवलेले नमुने संस्थेच्या आजरेकर कवकसंग्रहात ठेवलेले आहेत. लखनौ येथील डॉ. धरणीधर अवस्थी यांना भारतीय शैवाकशास्त्राचे जनक मानले जाते. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी देशाच्या अनेक भागांतील शैवाकांची ओळख करून दिली.

अशा कामासाठी तज्ज्ञ लागतात हे खरे. परंतु नोंदीचा आरंभ गावातही होऊ शकतो. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन होतात व त्यांच्यामार्फत लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. या नोंदवहीत वृक्ष, पिके, गुरे, मासे व औषधी वनस्पती यांना सहज जागा मिळते. रानातून दगडफूल गोळा होत असेल तर ते कोणत्या झाडावर वा कातळावर मिळते, कोणत्या महिन्यात काढतात, पूर्वीपेक्षा कमी मिळते की कसे, स्थानिक नाव काय, हे चार रकाने भरण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. दगडफूल मंद वाढणारे असल्याने एकाच जागेवरून ते सर्वच्या सर्व खरवडून नेऊ नये, ही गोष्टही अशा नोंदीवरून गावकऱ्यांच्या लक्षात येईल. शिक्षकांनी शाळेच्या आवारातील आंब्याच्या खोडावरील पांढरट-हिरवट चकत्या विद्यार्थ्यांना भिंगातून दाखवाव्यात, त्या न काढता त्यांचे चित्र काढून घ्यावे आणि त्याच झाडाची पाहणी पुढील वर्षी पुन्हा करावी.

गालापागोसच्या धुक्यात वाढणारा कोरा अनेक वर्षे लोकांच्या नजरेसमोर होता. त्याची खरी ओळख पटण्यास काळजीपूर्वक लिहिलेल्या चिठ्ठ्या, जपून ठेवलेले नमुने आणि पुन्हा एकदा पाहण्याची तयारी या तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. यांपैकी एकही गोष्ट आपल्या गावांच्या व शाळांच्या आवाक्याबाहेरची नाही.